मोर्स कोड शिकताना तक्ता का मिटून ठेवावा

मोर्स शिकायचं ठरलं की माणूस सगळ्यात आधी तक्ता शोधतो. ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे एक रेघ आणि तीन टिंबं, सी म्हणजे रेघ-टिंब-रेघ-टिंब. तक्ता छापून भिंतीवर लागतो, चार-पाच दिवसांत पाठही होतो. आणि मग रेडिओ लावून ऐकायला बसावं, तर एक अक्षर लागत नाही. पलीकडचा ऑपरेटर काही घाईत नसतो, निवांत गप्पा मारत असतो. नवख्याला मात्र ती सगळी सलग किरकिर वाटते.

हौशी रेडिओत, म्हणजे हॅम मंडळींत, मोर्सकडे वळलेले कितीतरी जण याच टप्प्यावर ‘आपला कानच तसा नाही’ म्हणून नाद सोडतात. मला हे निदान पटत नाही. कान ठीकच असतो, त्याला अजून कामाला लावलेलंच नसतं. अभ्यास सगळा डोळ्यांनी केलेला असतो आणि परीक्षा कानाची होते.

मराठी वाचणारं कोणीही ‘क’ ओळखताना मधली उभी रेघ, डावीकडचा गोळा, उजवीकडचं वळण असं मोजत बसत नाही. दिसलं की ‘क’. मोर्समध्ये हेच कानाने करायचं असतं. सी या अक्षराच्या चार खुणा कागदावर असतील. ऐकणाऱ्यासाठी तो ‘डा-डि-डा-डिट’ असा एकच आवाज आहे. आखूड आवाज अक्षराच्या मध्ये आला तर ‘डि’, शेवटी आला तर ‘डिट’, आणि लांब आवाज ‘डा’, अशी म्हणायची पद्धत आहे. या लेखात यापुढे टिंबं आणि रेघा मोजमापापुरत्याच येतील.

हवेतून नेमकं काय जातं

आवाजी संभाषणात माइकवर बोललेलं रेडिओ लहरीवर चढवून पाठवावं लागतं. मोर्समध्ये काहीच चढवायचं नसतं. ‘की’ म्हणजे पाठवायची कळ, ती दाबली की ट्रान्समीटर एका फ्रीक्वेन्सीची लहर सोडतो, कळ सोडली की लहर बंद. या पद्धतीला सीडब्ल्यू म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात हॅम लोक मोर्स आणि सीडब्ल्यू हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

यात एक मजेदार गोष्ट आहे. कानात जी शिट्टी ऐकू येते ती पलीकडून आलेलीच नसते. हवेतून येते ती नुसती लहर, सेकंदाला लाखो-कोट्यवधी कंपनांची, कानाच्या आवाक्याबाहेरची. रिसीव्हर स्वतःची एक लहर तयार करून तिच्यात मिसळतो आणि दोघींमधला फरक, समजा ६०० हर्ट्झ, शिट्टी म्हणून स्पीकरला देतो. म्हणूनच डायल किंचित फिरवला की शिट्टी बारीक किंवा जाड होते. कुणाला ५०० हर्ट्झचा जाडसर सूर बरा वाटतो, कुणाला ७०० चा. शिकताना आपल्याला जो सूर तासभर ऐकला तरी टोचत नाही तो निवडावा.

आता एवढ्या जुन्या पद्धतीचा अजून उपयोग काय, हा प्रश्न येतोच. बोलण्याला हवेत साधारण २५०० हर्ट्झ रुंदीची वाट लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास हर्ट्झ पुरतात. रिसीव्हरचा फिल्टर २५०० वरून २५० हर्ट्झवर आणला की आत शिरणारा गोंगाट दहापट घटतो आणि मोर्सची शिट्टी मात्र होती तेवढीच राहते. त्यात आवाज फक्त ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच ओळखायचं असतं, त्यामुळे खरखरीत जिथे माणसाचं बोलणं कळत नाही तिथेही मोर्स वाचता येतो. परिस्थिती अनुकूल असली की पाच वॅटवर, मूठभर सुट्या भागांतून घरी जोडलेल्या सेटवर समुद्रापलीकडचा माणूस मिळतो तो यामुळे.

परवान्याच्या परीक्षेचं म्हणाल, तर २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती निघाली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोडला गेला. अमेरिकेने २००७ मध्ये ही चाचणी पूर्ण बंद केली. तरी संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झच्या बँडचा, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याचा, तळ चाळून पाहा, शिट्ट्यांची गर्दी असते. सक्तीने शिकणारे गेले, आवडीने शिकणारे राहिले. शिकवण्यातही त्यामुळे फरक पडला असं मला वाटतं. परीक्षेपुरतं मिनिटाला ५ शब्दांच्या वेगावर घोटून घ्यायची घाई आता कुणाला नसते.

सगळा हिशेब एका मात्रेवर

टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मोर्सचं व्याकरण एवढंच.

वेग ‘मिनिटाला इतके शब्द’ असा सांगतात. शब्द लहान-मोठे असतात, म्हणून मापाला एक शब्द ठरवून टाकला आहे: पॅरिस. त्याची पाच अक्षरं, मधल्या जागा आणि शेवटची सात मात्रांची शांतता धरली की बरोबर ५० मात्रा भरतात. मिनिटाला २० शब्द म्हणजे १००० मात्रा, म्हणजेच एक मात्रा ६० मिलिसेकंदांची. मिनिटाला ५ शब्दांवर तीच मात्रा २४० मिलिसेकंदांची होते.

नवख्यांच्या अडचणीचं मूळ या दोन आकड्यांत आहे. ५ शब्दांच्या वेगाला एक रेघ जवळजवळ पाऊण सेकंद चालते. तेवढ्यात खुणा मोजता येतात, मनात तक्ता उघडता येतो, त्यात बोट फिरवून उत्तरही सापडतं. २० शब्दांना ती रेघ १८० मिलिसेकंदांत संपते, आणि मधल्या जागा धरून एका अक्षराच्या वाट्याला सरासरी ०.६ सेकंद येतो. एवढ्या वेळात ‘लांब, आखूड, लांब, आखूड, म्हणजे सी’ हे नुसतं मनात म्हणूनही होत नाही. तक्त्यावर शिकलेला माणूस वेग रेटत रेटत मिनिटाला ८-१० शब्दांपर्यंत पोचतो आणि तिथे गाडी अडते. तो मंद नसतो, मोजण्याची पद्धतच तिथवर पोचते. पुढे जायचं तर तीच अक्षरं आवाज म्हणून पुन्हा शिकायची, आणि जुनी सवय मध्ये मध्ये लुडबुड करत राहते. ज्याने तक्ता पाहिलाच नाही तो या बाबतीत सुखी.

‘ए फॉर अमुक’ छापाची आठवणीची वाक्यं, फांद्या फुटत जाणारी झाडाची आकृती, टिंब-रेघांनी रंगवलेली अक्षरं, हे सगळं याच कारणासाठी मी टाळायला सांगेन. दिसायला छान असतं आणि पहिल्या दिवशी प्रगतीही झाल्यासारखी वाटते. पण ऐकलेला आवाज आणि अक्षर यांच्यामध्ये त्याने एक जास्तीची पायरी घातलेली असते. त्या पायरीला वेळ लागतो, आणि वेळच तर आपल्याकडे नाही.

हे तारखात्यातल्या माणसांना फार पूर्वीच उमगलं होतं. सॅम्युअल मोर्स यांनी १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार पाठवली तेव्हा यंत्र कागदाच्या फितीवर खुणा उमटवत असे आणि त्या डोळ्यांनी वाचायच्या असत. ऐकून मजकूर घेणं हा मूळ योजनेचा भागच नव्हता. पण दिवसरात्र यंत्राशेजारी बसणाऱ्या तारबाबूंना काही वर्षांत फितीकडे न बघता, नुसत्या टकटकीवरून शब्द कळायला लागले. वरिष्ठांना सुरुवातीला हे खपलं नाही. कागदावर पुरावा नको का? पण ऐकून घेणारा माणूस फीत वाचणाऱ्यापेक्षा भराभर काम उरकतो हे दिसलं, तशी फीत मागे पडली आणि फक्त आवाज करणारं साउंडर टेबलावर आलं. आज वापरात असलेला कोड अर्थात मोर्स यांचा मूळ कोड नाही. हॅम्बुर्गच्या फ्रीडरिख गेर्के यांनी १८४८ मध्ये तो सुधारला आणि १८६५ च्या पॅरिस परिषदेपासून तो आंतरराष्ट्रीय झाला.

दोन अक्षरांपासून, पण पूर्ण वेगात

१९३० च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने शिकवण्याची जी पद्धत मांडली ती आज बहुतेक सगळ्या सराव-प्रोग्रॅमांचा पाया आहे. वेग हळूहळू वाढवायचा नाही. वेग पहिल्या दिवसापासून खरा ठेवायचा, अक्षरं हळूहळू वाढवायची. सुरुवातीला फक्त दोन. ती ९० टक्के बरोबर यायला लागली की तिसरं. पुन्हा ९० टक्के झाले की चौथं.

बहुतेक प्रोग्रॅम के आणि एम या जोडीने सुरुवात करतात. के म्हणजे डा-डि-डा, एम म्हणजे डा-डा. हेडफोन लावला की पाच-पाच अक्षरांचे गट येतात: के-एम-एम-के-एम, एम-के-के-के-एम. वेग २० शब्दांचा. पहिले काही गट गडबडीतच जातात, हात कागदावर नुसता थबकलेला असतो. थोड्या वेळाने एवढं जाणवतं की एका आवाजाच्या मध्ये एक उसळी आहे आणि दुसरा सपाट आहे. उसळी आली की के, नाही आली की एम. त्यात कुठे मोजलेलं नसतं. पाच-सात मिनिटांत हात आपोआप चालायला लागतो, आणि आपण मिनिटाला २० शब्दांच्या वेगातली दोन अक्षरं ओळखतोय हे लक्षात येतं. दोनच, पण कायमची.

पुढे आर, एस, यू, ए असं एकेक येत जातं. क्रम प्रोग्रॅमप्रमाणे बदलतो, त्याचं फार मनावर घेऊ नका. नवं अक्षर आलं की जुन्यांतलं एखादं बिघडतं, हे मात्र ठरलेलं. काही जोड्या हमखास गोंधळ घालतात: एस, एच आणि ५ (तीन, चार आणि पाच डि), यू, व्ही आणि ४, एल आणि एफ, क्यू आणि वाय. अशा वेळी फक्त ती भांडणारी दोन-तीन अक्षरं घेऊन पाच मिनिटं ऐकावीत. एच मध्ये किती डि आहेत हे मोजायचा मोह होतो, तो आवरायचा. चार आणि पाच यांच्या आवाजाची लांबी वेगळी असते आणि कान ती पकडतो, त्याला थोडी सवड द्यावी लागते एवढंच.

सगळी अक्षरं सलग २० च्या वेगात आली तर सुरुवातीला दम लागतो. यावर एक तोडगा आहे, रस फार्न्सवर्थ या अमेरिकी हॅमच्या नावाने ओळखला जाणारा. प्रत्येक अक्षर १८-२० शब्दांच्या वेगातच वाजवायचं, पण दोन अक्षरांमधली शांतता ताणायची. अक्षराचा आवाज खरा राहतो आणि लिहायला श्वासभर वेळ मिळतो. दोन्ही पद्धती एकत्र चालतात आणि बहुतेक जण तसंच करतात. फक्त ही ताणलेली शांतता आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायची. नाहीतर त्या मोकळ्या जागेत मन पुन्हा तक्ता उघडून बसतं.

किती वेळ द्यायचा? दिवसाला दोनदा पंधरा मिनिटं. रविवारी एकदम दोन तास बसणाऱ्यापेक्षा रोज अर्धा तास देणारा लवकर पुढे जातो, कारण यात समजून घेण्यासारखं फार थोडं आहे आणि मुरवण्यासारखं खूप. कान थकला की चुका वाढतात आणि मग आपण चुकांचाच सराव करतो. तिथे थांबावं.

सुटलं ते सुटलं

एक अक्षर हुकलं की नवखा थांबतो आणि ते काय होतं याचा विचार करतो. तेवढ्यात पुढची तीन जातात. हुकलेल्या अक्षराच्या जागी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि पुढचं ऐकायचं. ऐकायला सोपं, करायला फार कठीण. पण माझ्या मते मोर्स घेण्यातलं निम्मं कौशल्य या सोडून देण्यात आहे. गप्पांमध्ये ‘ना-ई’ असं काही हाती लागलं तरी मधली गाळलेली जागा संदर्भाने भरता येते. जे तीन शब्द घेतलेच नाहीत ते कुठून भरणार?

काही आठवड्यांनी बहुतेकांना असा काळ येतो की रोज सराव करूनही आकडा हलत नाही. वैतागून सोडण्याआधी हे माहीत असावं: विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये अमेरिकेतल्या तारबाबूंच्या शिकण्यावर जे संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात हा सपाट टप्पा आलेखावर स्पष्ट दिसतो. पाठवण्याचा वेग एकसारखा चढत जातो. घेण्याचा मात्र मध्येच आडवा होतो आणि बऱ्याच काळाने पुन्हा चढतो. त्यांनी दिलेलं कारण असं की माणूस आधी अक्षरं ऐकायला शिकतो, मग शब्द, मग शब्दांचे गट. आधीची पायरी इतकी अंगवळणी पडावी लागते की तिच्याकडे लक्ष द्यायची गरजच उरत नाही. त्यानंतर लक्ष पुढच्या पायरीसाठी मोकळं होतं. वरून काही घडत नसलं तरी त्या सपाट काळात आत काम चालू असतं.

यातून सरावाची एक दिशाही मिळते. अक्षरं आली की नुसत्या विस्कळीत गटांवर अडकून राहू नका. जे शब्द हवेत सतत येतात ते अख्खे आवाज म्हणून ऐका. ‘सीक्यू’ म्हणजे कुणीही उत्तर द्या अशी हाक: डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. ही काही दिवसांनी दोन अक्षरं राहतच नाहीत. तसंच ‘डीई’ म्हणजे ‘अमुक बोलतोय’, ‘टीयू’ म्हणजे आभार, ‘ईएस’ म्हणजे ‘आणि’. ‘७३’ म्हणजे निरोपाच्या शुभेच्छा: डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. पहिला अर्धा आरशात धरला की दुसरा होतो, म्हणून कानाला तो फार गोड लागतो.

खऱ्या हवेतलं ऐकायचं असेल आणि गप्पा झेपत नसतील तर बीकनपासून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांपासून, सुरुवात करा. हौशी संघटनांनी जगभर १८ बीकन उभारले आहेत. १४.१०० मेगाहर्ट्झवर ते दहा-दहा सेकंदांची पाळी लावून तीन मिनिटांत एक फेरी पुरी करतात. प्रत्येक बीकन आपलं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) २२ शब्दांच्या वेगाने पाठवतो आणि मग एकेका सेकंदाच्या चार रेघा: पहिली १०० वॅटने, मग १०, मग १, मग ०.१ वॅट. शेवटच्या रेघा गोंगाटात कुठे विरतात ते ऐकायचं. कॉलसाइन पहिल्या फेरीत हुकलं तर तीन मिनिटांनी तेच पुन्हा येणार असतं. त्यात श्रीलंकेचा ४एस७बी आहे. सगळे नेहमी चालू असतातच असं नाही, पण दोन-चार तरी लागतात. कॉलसाइन ओळखता येणं ही पहिल्या संपर्काची निम्मी तयारी, आणि इथे ती कुणासमोर फजिती न होता करता येते.

हाताचं काम

पाठवायला घाई करू नका. काही अक्षरं कानात बसली की मगच कीला हात लावावा, कारण अक्षर कसं वाजायला हवं हे कानाला ठाऊक नसेल तर हात कशाशी ताडून पाहणार?

जुनी सरळ की म्हणजे एकच दांडी, वर-खाली. टिंब, रेघ, मधली शांतता, सगळ्या मात्रा हातालाच सांभाळायच्या. बोटांनी टोचायचं नाही, मनगट सैल ठेवून हात टेबलावर टेकवायचा, हालचाल मनगटातून. पॅडलला दोन पाती असतात. उजव्या हाताने चालवलं तर सहसा अंगठ्याकडून टिंबं येतात, तर्जनीकडून रेघा. पातं दाबून धरलं की सोबतचा इलेक्ट्रॉनिक कीयर नेमक्या मापाची टिंबं किंवा रेघा सोडत राहतो. दोन्ही पाती एकदम चिमटली की आळीपाळीने दोन्ही येतात, आणि सी सारखं अक्षर एका चिमटीत होतं.

सरळ कीवरच आधी शिकलं पाहिजे असा आग्रह धरणारे जुने लोक भेटतील. तिचा स्वतःचा एक डौल आहे हे खरं, अनुभवी माणसाची की ऐकून कोण आहे हे नाव यायच्या आधी कळतं. तरी नव्या माणसाने पॅडल घ्यावं असं माझं मत आहे. टिंब-रेघांचं माप यंत्र सांभाळतं, म्हणून आपल्याला अक्षरांच्या आणि शब्दांच्या मधल्या जागेकडे लक्ष देता येतं. आणि पाठवण्यात बिघडते ती जागाच. घाईत लोक दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतात, मग डा-डि आणि डा मिळून एन-टी च्या जागी के ऐकू येतो. आपण पाठवलेलं मोबाइलवरच्या डिकोडरला, म्हणजे मोर्स ऐकून अक्षरं दाखवणाऱ्या ॲपला, ऐकवून पाहावं. तो फार निर्दय परीक्षक आहे. आपल्या हाताची परीक्षा घ्यायला डिकोडर उत्तम, आपल्या ऐवजी ऐकायला मात्र लावू नये.

एक नियम कधीच मोडू नका: जेवढ्या वेगाने घेता येतं त्याहून वेगाने पाठवायचं नाही. शिष्टाचार असा आहे की उत्तर देणारा तुमच्या वेगाने उत्तर देतो. तुम्ही पॅडलच्या जोरावर २२ ने हाक मारली तर उत्तरही २२ नेच येणार.

पहिला संपर्क

पाठवायला परवाना आणि कॉलसाइन लागतं, ते हातात आहे असं धरू. मोर्सचे लोक बँडच्या तळाशी सापडतात: ७.००० ते ७.०४०, १४.००० ते १४.०७० मेगाहर्ट्झ. सगळ्यात खालच्या टोकाला वेगवान मंडळी असतात, तिथून थोडं वर सरकावं. युरोप-आफ्रिकेच्या बँड-प्लॅनमध्ये १४.०५५ ही संथ मोर्सची जागा म्हणून नेमलेलीच आहे.

मोकळी जागा दिसली तरी आधी ‘क्यूआरएल?’ पाठवायचं, म्हणजे ‘इथे कुणी आहे का?’ एका बाजूचा माणूस आपल्याला ऐकू येत नसेल, म्हणून हे विचारणं. उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा. मग हाक: सीक्यू दोन-तीनदा, डीई, आपलं कॉलसाइन दोनदा, आणि शेवटी के, म्हणजे ‘आता तुम्ही’.

कुणी आपलं कॉलसाइन परत पाठवलं की छातीत धडधडतं आणि सरावात पक्की असलेली अक्षरंही पळून जातात. हे सगळ्यांचं होतं. त्यावर इलाज म्हणजे समोर कागद. मोर्सचा पहिला संपर्क जवळजवळ ठरलेल्या साच्यात चालतो, त्यामुळे आपलं सगळं बोलणं आधी लिहून ठेवता येतं: नमस्कार, हाकेला उत्तर दिल्याबद्दल आभार, तुमचा सिग्नल ५९९, माझं नाव अमुक, ठिकाण अमुक, कसं येतंय? मधल्या मधल्या थांब्यांना डा-डि-डि-डि-डा हे चिन्ह वापरतात. समोरचाही साधारण याच क्रमाने बोलणार असतो. म्हणजे नाव कुठे येईल आणि ठिकाण कुठे, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं आणि ऐकायचं काम निम्मं होतं.

५९९ हे सिग्नलचं मोजमाप आहे: पहिला आकडा किती स्पष्ट कळतंय हे ५ पैकी, दुसरा जोर ९ पैकी, तिसरा सुराचा स्वच्छपणा ९ पैकी. स्पर्धांमध्ये सगळ्यांनाच ५९९ देतात, खरा सिग्नल कसाही असो, आणि तेही ‘५एनएन’ असं आखडून. कारण ९ या आकड्याला १७ मात्रा लागतात, एनला ५.

कळलं नाही तर लाजू नका. ‘?’ म्हणजे डि-डि-डा-डा-डि-डिट, पुन्हा पाठवा. ‘क्यूआरएस’ म्हणजे हळू पाठवा, आणि मागे ‘पीएसई’ लावलं की विनंती होते. अनुभवी हॅम हे ऐकून वेग लगेच उतरवतात. तोही कधीतरी याच जागी बसलेला असतो. फार तर नाव आणि कॉलसाइन एवढंच हाती लागलं आणि बाकी सगळं वाहून गेलं, तरी संपर्क झाला. ७३ पाठवायचं, मग संपर्क संपल्याची खूण एसके, म्हणजे डि-डि-डि-डा-डि-डा, आणि शेवटी दोघांकडून एक-एक ‘डिट डिट’, उठताना हात हलवावा तसा.

हाक मारून कुणीच आलं नाही तर आपला सिग्नल निघतोय की नाही अशी शंका येते. त्यासाठी रिव्हर्स बीकन नेटवर्क आहे. जगभरातल्या हौशी लोकांचे रिसीव्हर आपोआप बँड ऐकत असतात आणि ज्याची सीक्यूची हाक कळली त्याचं कॉलसाइन, फ्रीक्वेन्सी, सिग्नलचा जोर आणि वेग इंटरनेटवर मांडतात. हाक मारून झाली की एखाद्या मिनिटाने आपलं कॉलसाइन शोधायचं. हजारो किलोमीटरवरच्या दोन-तीन स्टेशनांनी ऐकलेलं दिसलं तर अँटेना ठीक आहे, ऐकणारा माणूस तेवढ्या वेळात फ्रीक्वेन्सीवर नव्हता इतकंच. नाव कुठेच दिसलं नाही तर आधी अँटेना आणि केबलचे जोड तपासा. तेही ठीक निघाले तर आपण पाठवलेलं रेकॉर्ड करून ऐका. कॉलसाइनमधली अक्षरं एकमेकांना चिकटत असतील तर ते यंत्रालाही वाचता येत नाही.